देश सुधारायला लागला की आधी लोकसंख्या का वाढते, आणि मग शिकलेले लोक मुलं कमी का होऊ देतात?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, मरण आधी कमी होतं आणि जन्म बऱ्याच वर्षांनी, मधल्या काळात लोकसंख्या फुगते. आपल्याकडे 1911 ते 1921 या दशकात ती चक्क घटली होती, 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ त्यातलीच, त्यानंतरच्या कुठल्याही जनगणनेत घटलेली नाही. लोकांनी एकाएकी जास्त मुलं जन्माला घातली असं काही झालं नाही हो, झालेली मुलं जगायला लागली.

पण तुमच्या प्रश्नातलं ते "शिकलेले लोक" वाचलं आणि मला राहवलं नाही, कारण आमच्या घरात हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात जुनं घर, गणपतीला सगळे जमतात आणि आमचा एक चुलतभाऊ, मोठा आहे म्हणून दादाच म्हणते, पंगतीत दरवेळी तेच काढतो की पूर्वीच्या बायका अडाणी, त्यांना काही कळत नव्हतं, आजीला नऊ झाली, आता कायदाच करून दोनवर थांबवलं पाहिजे. सगळे हसतात. मला एकदाही हसू आलेलं नाही.

आजी अडाणी नव्हती. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा, त्यामुळे ती शाळेत गेली, मराठी आणि गुजराती दोन्ही सफाईने लिहायची. तिच्या हातचा एक चोपडा माझ्याकडे आहे, दुकानदारांचा असतो तसा लाल कापडी पुठ्ठ्याचा. वाणसामानाच्या हिशोबांच्या मागे तिने मुलांच्या जन्मवेळा टिपून ठेवल्यात, पत्रिका करायला लागतात म्हणून, शके, तिथी, घटी, पळं सगळं. नोंदी नऊ आहेत. पाच नावांपुढे पुढचं काही ना काही लिहिलंय, मुंज, लग्न असं. एका नावापुढे "देवी", एकापुढे "जुलाब". आणि दोन नोंदींना नावच नाही, नुसतं "मुलगा" आणि "मुलगी", कारण बारशापर्यंत राहिलीच नाहीत, खाली बारीक अक्षरात दोन्हीकडे "आठवे दिवशी देवाज्ञा".

आठव्या दिवशीचं ते दुखणं म्हणजे बहुतेक धनुर्वात, मूल दूध ओढेनासं होतं, जबडा बसतो. नाळ कशानेही कापायचे तेव्हा. आता गरोदरपणात आईला इंजेक्शन देतात, नाळेला स्वच्छ ब्लेड वापरतात, आणि 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बाळंतिणी आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. देवीच्या रोगाचा देशातला शेवटचा रुग्ण 1975 चा, 1977 ला देश देवीमुक्त जाहीर झाला. जुलाबाला ओआरएसचं पाकीट मिळतं. हे सगळं आजीला मिळालं असतं तर ती नऊपर्यंत गेली असती का, हे मी दादाला कितीदा विचारलंय, तो विषय बदलतो.

माझ्या आईला आणि काकूला तीन-तीन मुलं. सगळी जगली, तरी तिसरं झालंच, कारण आजी दोघींनाही म्हणायची की दोनावर एक हाताशी असू द्या. भरवसा बसायला एक अख्खी पिढी लागते, आणि मी वर म्हटलेला मधला काळ म्हणजे हाच. आमच्या पिढीत कुणाला दोन, कुणाला एक, आणि त्यासाठी पोलीस कुणाच्याही दारात आला नव्हता.

देशाचंही असंच दिसतं. 1971 मध्ये आपल्याकडे हजारातली 129 बाळं वर्षाच्या आत जात होती, 2020 मध्ये 28. एका बाईमागे सरासरी मुलं 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 3.4 होती, 2019-21 च्या पाहणीत 2.0. गुजरात 1.9. दादा म्हणतो आपल्याकडे पंचायतीच्या निवडणुकीला दोन मुलांची अट आहे म्हणून. अरे मग केरळात अशी अट नाही तरी तिथे 1.8 आहे, ते कसं? बांगलादेश सहाच्या वरून सव्वादोनच्या आसपास आला, तिथे आरोग्यसेविका घरोघरी गोळ्या घेऊन गेल्या, सक्तीचा कायदा केला नाही.

आता हेही खरं की मुलं जगली एवढ्यानेच सगळं होत नाही, मुली शाळेत जास्त वर्षं राहिल्या, लग्नं उशिरा झाली, साधनं हातात आली, ते सगळं धरावंच लागतं. फ्रान्समध्ये तर अठराव्या शतकाच्या शेवटीच जन्म कमी व्हायला लागले होते, आणि तेव्हा तिथे मुलं भरपूर मरत होती, म्हणजे माझं म्हणणं सगळीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. आणि मृत्युदर घसरतच राहतो असंही समजू नका, जपानचा हजारी 12 च्या वर आहे, आपला 6 च्या आसपास, कारण तिथे म्हातारी माणसं जास्त. नुसता तो आकडा बघून कुठला देश पुढे ते ठरवू नका.

आणि तुमच्याही घरी कुणी कायद्याचं काढलं तर त्याला आणीबाणीतली 1976 ची सक्तीची नसबंदी आठवून द्या. तेव्हा धरून धरून पुरुषांना टेबलावर घातलं, ती दहशत अशी बसली की आजही ऑपरेशन बायकांनीच करून घ्यायचं. 2019-21 च्या त्याच पाहणीत लग्न झालेल्या जोडप्यांपैकी 37.9 टक्के ठिकाणी बायकोची नसबंदी झालेली आणि 0.3 टक्के ठिकाणी नवऱ्याची. आमच्या दादाच्या घरीही ऑपरेशन वहिनीचंच झालंय.