आधी उपचार, मग विषय बदलण्याचा विचार

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौदा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत ईथरच्या वाफेने पेट घेतला. तिला किरकोळ भाजले, पण शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या हाताला मोठ्या जखमा झाल्या. पलीकडच्या टेबलावरचा बर्नर माझ्या मुलीने पेटवला होता. तेव्हापासून ती प्रात्यक्षिकांना उभी राहू शकत नाही, रात्री दचकून उठते, बर्नर पेटल्याचा आवाज ऐकला की खोलीबाहेर येते. मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचे, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या तणावविकाराचे, निदान करून ईएमडीआर हा डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्रासदायक आठवणींवर काम करणारा उपचार सुचवला आहे. डोळ्यांसमोर बोटे फिरवून चौदा महिन्यांची भीती कशी जाणार? हे संमोहन तर नव्हे? परीक्षा नऊ आठवड्यांवर आली आहे आणि मुलगी म्हणते की दुसऱ्या विषयात नव्याने प्रवेश घेते. काय करावे? – एक वडील

उत्तर : सप्रेम नमस्कार. विषय बदलण्याचा प्रश्न आपण पत्रात शेवटी विचारला आहे आणि माझ्या मते निर्णयाच्या क्रमातही तो शेवटीच असावा. घडलेल्या प्रसंगाची आठवण करून देणारी ठिकाणे, वास, आवाज आणि माणसे टाळणे हे पीटीएसडीचे ठळक लक्षण आहे. आज आपल्या मुलीने दुसऱ्या विषयाचा अर्ज भरला, तर त्यावर सही तिची असली तरी मजकूर भीतीने सांगितलेला असेल. कदाचित तिला रसायनशास्त्र खरोखरच नको असेल, पण ते आज तिलाही नीट कळणार नाही. म्हणून आधी उपचाराबद्दल लिहितो. मी स्वतः थेरपिस्ट नाही. पुढे जे लिहितो आहे ते या उपचाराबद्दल जे प्रस्थापित आहे त्यावर आणि उपचार घेतलेल्या विद्यार्थ्यांनी मला जे सांगितले त्यावर आधारलेले आहे. प्रत्यक्ष निर्णय तिचे डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्याशी बोलूनच घ्यावेत.

बोटे फिरवण्याबद्दल आपल्याला जी शंका आली, ती अनेक मानसशास्त्रज्ञांनाही आली होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रॅन्सिन शापिरो यांना 1987 मध्ये बागेत फिरताना जाणवले की त्रासदायक विचार मनात असताना डोळे भरभर इकडून तिकडे फिरले की त्या विचारांची धार कमी होते. यावरून त्यांनी पद्धत बसवली आणि 1989 मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवात अशी असल्यावर लोक साशंक होणारच. मात्र पुढे चाचण्या होत गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी ज्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत आघातकेंद्रित सीबीटीबरोबर (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराबरोबर) ईएमडीआरही आहे. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या 2018 च्या सूचनांतही तो आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2017 मध्ये जरा हात राखून, सशर्त शिफारस केली. वाद अजून आहे, पण तो मुख्यतः डोळ्यांच्या हालचालीचा स्वतंत्र वाटा किती, याबद्दलचा आहे. उपचाराचा गुण मुळात आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरे जाण्यातून येतो, असे काही संशोधक मानतात. दुसरे एक स्पष्टीकरण असे की आठवण मनात धरून त्याच वेळी डोळ्यांनी काहीतरी पाठलाग करत राहिले की अल्पकालीन कार्यस्मृतीवर, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, दुहेरी भार पडतो, त्यामुळे ते चित्र तितके ठसठशीत राहत नाही आणि अशा फिक्या रूपातच पुन्हा साठवले जाते. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. मात्र उपचार सुरू करण्यासाठी या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे संमोहन नव्हे. मुलगी पूर्ण जागी असते, खोलीत कुठे बसली आहे हे तिला ठाऊक असते, आणि ठरवलेली खूण करून, बहुधा नुसता हात वर करून, ती कोणत्याही क्षणी थांबवू शकते. तिच्या मनात कोणी सूचना पेरत नाही. आठवण पुसलीही जात नाही. आग लागली होती हे तिला आयुष्यभर आठवेल. फरक असा पडायला हवा की ते आठवताना आग आत्ता लागली आहे असे शरीराला वाटू नये.

या उपचाराचे आठ टप्पे मानले जातात आणि बोटे फिरवण्याची वेळ चौथ्या टप्प्यात येते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पहिल्या एकदोन भेटींनंतर पालकांचे फोन येतात की नुसत्याच गप्पा झाल्या, उपचार कुठे सुरू झाला? त्या गप्पांत थेरपिस्ट आधीचे आयुष्य, झोप, औषधे, पूर्वीचे धक्के, सध्याचे आधार हे सगळे समजून घेतो. त्यानंतर तयारी होते. मनातल्या मनात एखाद्या शांत जागी जाऊन येण्याचा सराव, श्वासाचे साधे व्यायाम, थांबण्याची खूण ठरवणे, आणि आठवणींकडे कसे पाहायचे याची समज देणे. त्यासाठी नेहमी दिला जाणारा दाखला धावत्या आगगाडीचा आहे. आपण डब्यात बसलेले असतो, खिडकीबाहेरून देखावे येतात आणि जातात, त्यांच्यामागे उतरून पळायचे नसते. ज्यांना तीव्र भावना आल्या की सुन्न होण्याची किंवा भान हरपण्याची सवय असते, त्यांच्या बाबतीत ही तयारी बरीच लांबते आणि ती लांबू द्यावी.

मग एका आठवणीची निवड होते. थेरपिस्ट तिला विचारेल की त्या प्रसंगातले सर्वांत त्रासदायक चित्र कोणते. समजा तिने सांगितले, टेबलावरून धावत जाणारी निळसर ज्योत. पुढचा प्रश्न असेल, ते चित्र पाहताना स्वतःबद्दल काय वाटते? आपल्या पत्रावरून मला वाटते की तिचे उत्तर ‘माझ्यामुळे झाले’ असे काहीसे असेल. त्याऐवजी काय वाटलेले आवडेल, हेही विचारले जाते आणि ते वाक्य आज किती खरे वाटते हे 1 ते 7 या मापावर सांगायचे असते. चित्र आठवल्यावर होणारा त्रास 0 ते 10 या मापावर नोंदवला जातो आणि तो शरीरात कुठे जाणवतो हेही विचारले जाते. छातीत, घशात, तळहातांत, कुठेही.

यानंतर थेरपिस्ट समोर थोडा बाजूला बसून दोन बोटे तिच्या नजरेसमोर डावीकडून उजवीकडे आणि परत अशी नेतो. तिने मान स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी त्यांचा पाठलाग करायचा. काही जण सरकणाऱ्या दिव्यांची पट्टी वापरतात, काही आळीपाळीने दोन्ही हातांवर टिचक्या देतात किंवा दोन कानांत आलटून पालटून आवाज ऐकवतात. एक फेरा साधारण अर्ध्या मिनिटाचा. मग थांबून विचारतात, ‘आता काय आले?’ उत्तर एका वाक्याचे असले तरी चालते. जे आले असेल ते धरून पुढचा फेरा. प्रसंगाचे इत्थंभूत वर्णन करावे लागत नाही आणि बहुतेक वेळा घरी करायला अभ्यासही दिला जात नाही. न बोलणाऱ्या मुलांना हा मोठाच दिलासा असतो.

या फेऱ्यांत जे घडते ते बाहेरून पाहणाऱ्याला विस्कळीत वाटते. एखादा विद्यार्थी आगीपासून सुरू होऊन शाळेतल्या एखाद्या ओरडण्यावर पोहोचतो, मध्येच जांभई देतो, रडतो, परत येतो. आपल्या मुलीचेच उदाहरण घेतो. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि टेबलावरून सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते, हे तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला पाठ असणार. ईथरची बाटली उघडी असताना आसपास ज्योत असू नये, हे पाहणे एकट्या विद्यार्थिनीचे काम नव्हे, हेही तिला कळते. तरीही ‘बर्नर मी पेटवला’ हे वाक्य मनाच्या ज्या कप्प्यात अडकले आहे, तिथपर्यंत हे ज्ञान पोहोचलेले नाही. आपण घरी तिला हजारदा सांगितले असेल की तुझी चूक नव्हती, आणि ती ‘हो’ म्हणून उठून गेली असेल. ईएमडीआरमध्ये थेरपिस्ट तिच्याशी वाद घालत नाही. पाचव्या किंवा पंधराव्या फेऱ्यानंतर तीच म्हणते, ‘बाटली उघडी होती, मला कोणी सांगितलेच नव्हते.’ शापिरो यांच्या मांडणीनुसार अडकून पडलेली आठवण इतर माहितीशी जोडली जाते ती अशी. हे पहिल्याच बैठकीत होईल असे नव्हे. त्रासाचा आकडा कमी होत गेला की हवे असलेले वाक्य आठवणीशी जोडून पक्के केले जाते आणि डोक्यापासून पायापर्यंत शरीरात कुठे ताण उरला आहे का ते पाहिले जाते. आठवण पुरी झाली नसली तरी सत्र तसेच उघडे सोडत नाहीत. शांत होऊनच बाहेर पाठवतात. पुढच्या भेटीची सुरुवात मधल्या दिवसांत काय झाले या विचारपुशीने होते.

मधले दिवस घरच्यांना जड जाऊ शकतात. सत्र झाल्यावर थकवा येतो, कधी डोके दुखते, एकदोन रात्री स्वप्ने अधिक ठळक पडतात, विसरलेला एखादा तपशील वर येतो, चिडचिड होते. ‘उपचाराने तर वाढलेच’ असे म्हणून पालक याच टप्प्यावर तो बंद करतात, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. आपण दोन गोष्टी कराव्यात. सत्राच्या दिवशी तिच्यामागे दुसरे काम ठेवू नये, आणि ‘आज काय निघाले?’ असे विचारू नये. तिने सांगितले तर ऐकावे. त्रास काही दिवसांत ओसरला नाही तर थेरपिस्टला पुढच्या भेटीआधीच कळवावे, आणि जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता परीक्षा. सत्र साधारण एक ते दीड तासाचे असते आणि बहुधा आठवड्यातून एकदा होते. एकाच प्रसंगातून आलेल्या आघाताला अनेकदा कमी सत्रे पुरतात. नाइसच्या सूचनांत प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे 8 ते 12 सत्रे धरली आहेत. म्हणजे नऊ आठवड्यांत उपचार पुरा होईल असे गृहीत धरू नये आणि परीक्षेनंतर पाहू म्हणून पुढेही ढकलू नये. माझी सूचना अशी की पहिली भेट याच आठवड्यात घ्यावी, परीक्षेच्या तारखा थेरपिस्टसमोर ठेवाव्यात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत नवी आठवण उघडू नये असे सुचवून पाहावे. त्या काळात भेटी चालू राहाव्यात, पण सावरण्याच्या कामासाठी. लेखी पेपर तिने द्यावेत. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह पुढे ढकलून मागावी. भाजलेल्या हाताला जशी मुदत मिळते तशीच ही मागणी आहे आणि ती मागताना संकोच करू नये.

थेरपिस्टची निवड करताना आधी तो मानसिक आरोग्य क्षेत्रातला पात्र व्यावसायिक आहे का ते पाहावे, ईएमडीआरचे प्रशिक्षण त्यानंतर. तयारी न करता पहिल्याच दिवशी बोटे फिरवायला घेणारा किंवा एका बैठकीत बरे करण्याची हमी देणारा असेल तर उठून यावे. मोबाइलवर सरकणारे ठिपके दाखवणारे व्हिडिओ असतात. तिने ते एकटीने लावून बसू नये. फिट्स, डोळ्यांचे दुखणे, चालू असलेली औषधे हे सगळे पहिल्याच भेटीत सांगावे. अपघाताबद्दल चौकशी किंवा दावा चालू असून तिची साक्ष व्हायची असेल तर तेही सांगावे, कारण उपचारानंतर आठवणीचा ठळकपणा बदलू शकतो.

एक मुद्दा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. या उपचारात भूतकाळातली आठवण, आज भीती चाळवणाऱ्या गोष्टी आणि पुढे येणारे प्रसंग अशा तिन्हींवर काम करायचे असते. आगीची आठवण शांत झाली की मुले खुश होऊन जाणे बंद करतात आणि पुढच्या महिन्यात बर्नरच्या ‘भप्प’ आवाजाने पुन्हा दारात येतात. म्हणून तिने थेरपिस्टला स्पष्ट सांगावे की मला प्रयोगशाळेत परत उभे राहून पाहायचे आहे. मग एप्रन चढवणे, दार उघडणे, काडी ओढणे हे सगळे ती आधी मनात करेल आणि नंतर, एखाद्या समजूतदार शिक्षकाच्या सोबतीने, रिकाम्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष.

त्यानंतर तिला विषयाबद्दल विचारावे. प्रयोगशाळेत उभे राहता येत असूनही ‘मला हे आवडत नाही’ असे ती म्हणाली, तर मी स्वतः तिच्यासोबत दुसऱ्या विषयांची यादी घेऊन बसेन. ‘आवडते, पण उघडी ज्योत नको’ असे म्हणाली, तरी संगणकीय रसायनशास्त्र, विश्लेषण उपकरणांवरचे काम किंवा प्रयोगशाळा सुरक्षा अशा वाटा याच पदवीतून निघतात. तोपर्यंत प्रवेश रद्द करण्याचा अर्ज भरू नये. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची शेवटची तारीख तेवढी कळवावी, म्हणजे आपल्या हातात नेमके किती आठवडे आहेत हे मोजून ठेवता येईल.