सहा-सात पाहुणे, त्यात दोघं शाकाहारी: आदल्या रात्री करून ठेवता येईल असा थंडीतला कोल्हापुरी बेत कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात संध्याकाळी सात माणसं जेवायला, दोघं शाकाहारी, तुम्ही सहापर्यंत ऑफिसात. तांबडा-पांढरा रस्सा आदल्या रात्री करून ठेवला तर चालेल का, की सरळ बिर्याणी मागवावी?

करून ठेवा, पण सगळा नको. तांबडा रस्सा आणि सुकं मटण मुरल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. पांढरा मात्र पूर्ण करून फ्रीजमध्ये ठेवला आणि परत उकळला की फाटतो. म्हणून पांढऱ्याची फक्त तयारी आदल्या रात्री करायची आणि जोडणी पानं वाढायच्या वीस मिनिटं आधी.

त्याआधी वार आणि महिना बघून घ्या. मार्गशीर्षात गुरुवारच काय, अख्खा महिना मटण न खाणारी घरं कोल्हापुरात भरपूर आहेत. जोतिबाचा रविवार धरणारेही असतात. फोन करतानाच विचारलं तर दीड किलो मटण अंगावर पडत नाही.

खाणारे पाच धरले तर दीड किलो मटण पुरे, माणशी तीनशे ग्रॅम हाडासकट. खाटकाला नुसतं 'चांगलं द्या' म्हणू नका. मांडी किंवा खांदा सव्वा किलो, बाकी चाप आणि सीना, आणि वर पाव किलो नळ्या वेगळ्या मागा. दोन्ही रश्श्यांचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असतो आणि अळणीला दम हाडांमुळे येतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं अळणी सकाळी थलथलीत घट्ट दिसलं तर घाबरू नका, ते उत्तम झाल्याची खूण आहे.

अळणी करताना मटणाला हळद लावायची नाही. बहुतेक घरी सवयीनं आलं-लसूण-हळद-मीठ एकदमच चोळतात आणि मग पांढरा रस्सा पिवळा का झाला म्हणून विचारतात. हळद नंतर सुक्यात घाला. मोठ्या पातेल्यात दोन चमचे तेल, एक चिरलेला कांदा, दोन लसणाचे गड्डे आणि दोन इंच आलं यांची पेस्ट, बेताचं मीठ, त्यावर मटण आणि नळ्या. दहा मिनिटं परतलं की मटणाला स्वतःचं पाणी सुटतं. वर ताट ठेवून ताटात पाणी घाला, तेच तापलेलं पाणी थोडं थोडं आत सोडत जा, एकूण अडीच ते पावणेतीन लिटर. मंद आचेवर तासभर तरी लागतो. कुकर लावायचा तर तो सात-आठ लिटरचा हवा. पाच लिटरच्या कुकरात दीड लिटर पाणी घालून एक शिट्टी आणि नंतर बारीक गॅसवर पंधरा मिनिटं, बाकीचं उकळतं पाणी उघडल्यावर घाला आणि दहा मिनिटं उकळू द्या.

मटण पूर्ण मऊ होऊ देऊ नका. बोटानं दाबल्यावर तुटेल पण हाडापासून आपोआप सुटणार नाही, इथं थांबा. पुढे सुक्यात दहा मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना ते आणखी शिजणारच आहे. आदल्या रात्रीच लोण्यासारखं झालेलं मटण दुसऱ्या दिवशी धाग्याधाग्यानं सुटतं. अळणी गाळून घ्या: एक लिटर पांढऱ्यासाठी, सव्वा लिटर तांबड्यासाठी, उरलेलं दोन-तीन वाट्या वेगळं. हे उरलेलं दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडतं.

मटण शिजतंय तोवर वाटण. सुकं खोबरं शंभर ग्रॅम किसून खमंग भाजलेलं, तीन कांदे गॅसवर सालासकट भाजून सोललेले, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर. खडा मसाला इथं जवळजवळ नको, तो कांदा-लसूण चटणीत, म्हणजे आपल्या कोल्हापुरी तिखट मसाल्यात, आधीच असतो. चटणीत मीठही असतं, हे विसरलं की दोन्ही पदार्थ खारट होतात. वाटण झाल्या झाल्या, मटणाचा चमचा लागायच्या आधी, चार मोठे चमचे शाकाहारी मंडळींसाठी वेगळ्या वाटीत काढा.

उरलेल्या वाटणाचा एक हिस्सा रश्श्याला, दोन हिस्से सुक्याला. उलटं केलं की हॉटेलातल्या ग्रेव्हीसारखं काहीतरी तयार होतं. तांबडा रस्सा वाटीला तोंड लावून पिता आला पाहिजे.

तांबड्यासाठी सहा चमचे तेल तापवा, वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग गॅस बंद करा आणि अर्ध्या मिनिटानं तीन मोठे चमचे चटणी घाला. कडकडीत तेलात चटणी पडली तर दहा सेकंदांत काळपट होते, कडवट वास येतो आणि तो नंतर कशानंही जात नाही. घरची चटणी बहुधा एप्रिल-मेमध्ये केलेली असते, डिसेंबरपर्यंत तिखटपणा टिकतो पण रंग थोडा उतरतो. अशा वेळी चटणी वाढवू नका, एक चमचा ब्याडगी मिरचीची पूड घाला. चटणी तेलात मिसळली की गॅस लावून गरम अळणी ओता आणि पंधरा मिनिटं उकळा. मीठ जरा कमीच ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी गरम करताना पाणी आटतं.

सुक्याला पाच चमचे तेल, तीन बारीक चिरलेले कांदे चांगले तांबूस, मग तीच गॅस बंद करायची पद्धत, अडीच चमचे चटणी, अर्धा चमचा हळद, वाटण, मटण, वाटीभर अळणी. तेल कडेला दिसेपर्यंत परता. पूर्ण कोरडं करू नका.

आता थंड करणं, इथं बरेच जण चुकतात. कोल्हापुरात थंडी पडली म्हणून रात्रभर पातेलं ओट्यावर झाकून ठेवणं बरोबर नाही. आपल्याकडे डिसेंबरातही रात्री पंधरा अंशांच्या आसपास असतं आणि बंद स्वयंपाकघरात त्याहून जास्त. मोठं पातेलं आतून पहाटेपर्यंत कोमट राहतं, मटणाच्या पाण्यात जंतू वाढायला तेवढं पुरतं. रस्सा आणि अळणी दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून, ती भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. वाफ असताना घट्ट झाकण नको.

पांढऱ्याची रात्रीची तयारी एवढीच: दोन मोठे चमचे खसखस गरम पाण्यात तासभर भिजवायची, एक चमचा पांढरे तीळ आणि बारा काजू त्यातच. मिक्सरच्या सगळ्यात लहान भांड्यात अगदी गंधासारखं वाटा. मोठ्या भांड्यात खसखस नुसती फिरत राहते आणि रस्सा दातात लागतो. एक मोठा ओला नारळ खवून खव फ्रीझरला टाका. दूध मात्र रात्री काढू नका. त्याला लवकर आंबूस वास येतो आणि फ्रीजमध्ये त्याचा वरचा थर घट्ट बसतो.

शाकाहारी दोघांसाठी अख्खा मसूर करा. थंडीत भरलं वांगं कुणालाही आधी सुचेल, चंपाषष्ठीनंतर तर वांग्याचेच दिवस. पण भरलं वांगं दुसऱ्या दिवशी गरम करताना ढवळलं की फुटतं, आणि पाहुण्यांना मटणाच्या पंगतीत काहीतरी रश्श्याचं हवं असतं. मसूर सगळेच खातात, म्हणून तीनशे ग्रॅम घ्या. सकाळी भिजत घालून ऑफिसला जा, रात्री उघड्या पातेल्यात शिजवा. कुकरात तो दोन मिनिटांच्या फरकानं डाळ होतो. दाणा अख्खा राहून दाबला की मऊ लागला पाहिजे. मग तेल, कांदा, एक टोमॅटो, काढून ठेवलेलं वाटण, दीड चमचा चटणी. टोमॅटो मसूर शिजल्यावरच, आंबटात दाणा शिजायला वेळ लागतो. रात्रीत मसूर पाणी पिऊन गोळा होतो, दुसऱ्या दिवशी गरम पाणीच घालून सैल करा, अळणी नव्हे! वाढायचं वगराळंसुद्धा वेगळं ठेवा. शाकाहारी माणसं हे बोलून दाखवत नाहीत, पण बघतात.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आठला येणार असतील तर सव्वासहाला तांबडा बारीक गॅसवर ठेवा. वर थिजलेला तांबडा थर दिसेल, तो काढून टाकू नका. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, त्यामुळे तर्री त्या थरातच आहे. खोबरं-तिळानं रस्सा दाट झालेला असेल, ठेवलेलं अळणी गरम करून घाला. दोन-तीन मिनिटं खळखळून उकळला पाहिजे. मग गॅस बारीक करून पाच मिनिटं हात लावू नका, तर्री आपोआप वर येते. सुक्यात अर्धी वाटी अळणी घालून झाकण ठेवा, नाहीतर तळाला लागतं आणि मधे गारच राहतं.

पांढरा शेवटी. खव काढून कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध वाटीभर, दुसरं पातळ दीड वाटी. दोन चमचे तुपात दालचिनी, चार लवंगा, चार वेलच्या, आठ मिरे, तीन हिरव्या मिरच्या चिरून. खसखस-काजूचं वाटण बारीक आचेवर तीन मिनिटं, रंग बदलू द्यायचा नाही. मग लिटरभर अळणी घालून चांगलं उकळा. रात्रभर ठेवलेलं अळणी उकळणं सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे आणि ते नारळाचं दूध घालायच्या आधीच करून घ्यायचं. पातळ दूध घाला, एक कढ येऊ द्या. आता गॅस अगदी बारीक. दाट दुधात वगराळंभर गरम रस्सा मिसळून मग ते ओता आणि ढवळत राहा. कडेला बारीक बुडबुडे आले की बंद. उकळी आली की दुधातली प्रथिनं गोठतात, स्निग्धांश सुटून वर तरंगतो आणि खाली पाणी राहतं, यालाच आपण फाटला म्हणतो. काजू-खसखशीचं वाटण त्याला धरून ठेवतं, म्हणून त्यात काटकसर नको. लिंबू किंवा दही तर अजिबात नको. एकाच दिशेनं ढवळा असं सांगतात. दिशेनं काही होत नाही, हात थांबला नाही म्हणजे झालं.

तरीही फाटला तर खाली उतरवा, दोन वाट्या रस्सा जरा निववून मिक्सरमध्ये चमचाभर काजूपेस्टबरोबर फिरवून परत मिसळा. चव जात नाही, दिसायलाही बरा होतो. पाहुण्यांना उशीर झाला तर पांढऱ्याचं पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा, परत गॅसवर नको.

भाकरी आधी करून ठेवता येत नाही. ज्वारीच्या पिठात चिकटपणा मुळात कमी, त्यात भाकरी गार झाली की कडक होते. सात जणांना चौदा-पंधरा भाकऱ्या, म्हणजे तव्यासमोर पाऊण तास. पीठ पंधरा दिवसांपेक्षा जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, कडा फाटतात. उकळत्या पाण्यात मळलं तर बऱ्यापैकी जमतं. सात वाजता करून जाड फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या तर साडेआठपर्यंत मऊ राहतात. तेवढा वेळ नसेल तर सरळ भाकरी करून देणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी सांगा, यात कमीपणा काही नाही. भात आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा घातलात तर वासानंच काम होईल, पण तो आयत्या वेळीच. मऊ तांदूळ आहे, परत गरम केला की मोडतो. दही-कांदा, लिंबाच्या फोडी, खर्डा.

गोडाला गाजराच्या हलव्यापेक्षा खपली गव्हाची हुग्गी बरी, कारण नवा गूळ याच दिवसांत येतो आणि हुग्गी आदल्या दिवशी करता येते. गहू शिजवून गूळ, वेलची, थोडं सुंठ घालून ठेवा. दूध त्यात आधी घालायचं नाही, गरम गुळात ते नासतं. गार किंवा कोमट हुग्गीवर वाढताना गार दूध आणि तूप वरून घ्यायचं.