बॉस सगळ्यांसमोर ओरडतो आणि ‘माणसांशी चांगलं वागलं की ती डोक्यावर बसतात’ म्हणतो. टीम लीडरने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच टीम लीडर झालात, साहेब सगळ्यांसमोर अपमान करतात, आणि तुमच्या हाताखालच्या मुलीने आईच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजा मागितली तर म्हणाले, “एकीला दिली की सगळे मागतील, माणसं डोक्यावर बसतात.” हे शेवटचं वाक्य मी अकरा वर्षं ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कच्या (दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून द्यायच्या) एका शॉपमध्ये मी आधी क्वालिटीला होतो, मग सुपरवायझर झालो. बारा सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कातायची मशिनं), बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट. मालक कामात हुशार होते, ते नाकारणार नाही. नुसतं ड्रॉइंग बघून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला किती वेळ लागेल ते, सांगायचे. पण तोंडात कायम आईबहिणीवरून शिव्या. आणि एक नियम होता: इन्सर्ट तुटला की ज्याच्या मशिनवर तुटला त्याच्या पगारातून पैसे कापायचे. (इन्सर्ट म्हणजे नखाएवढी कार्बाइडची टिकली, लोखंड कापते ती तीच.) त्यासाठी एक लाल रजिस्टर होतं. ते मी लिहायचो.

२००९ च्या पावसाळ्यात परभणीकडचा एक मुलगा नाइटला होता. वय बावीस असेल. जॉब, म्हणजे बनवायचा नग, बुशचा (आखूड नळीसारखा भाग). त्याचं बोअर, म्हणजे आतलं भोक, ३२ एच७, म्हणजे ३२ मिलिमीटरचं, आणि माप इकडेतिकडे व्हायला सगळी मिळून २५ मायक्रॉनची जागा. रात्री अडीचला त्याच्या इन्सर्टचं टोक उडालं. त्याने मशिन थांबवलं नाही. ऑफसेट देत देत (मशिनमध्ये मापाचा आकडा थोडा थोडा बदलत) त्याच टोकावर सकाळपर्यंत जॉब काढले. साइज मिळत होती, गेजची गो बाजू जात होती, नो-गो जात नव्हती, पण बोअरमध्ये आत रेघाच रेघा. सकाळी त्याने चांगले जॉब क्रेटमध्ये वर रचले. मी वरचेच उचलून बघितले आणि सही केली.

चाकणला कस्टमरने अख्खा लॉट अडवला. सॉर्टिंगला मला आणि त्यालाच पाठवलं. दोन दिवस त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून एकेक बुश टॉर्च मारून बघत होतो. चांगला डावीकडे, खराब लाल ठिपका देऊन उजवीकडे. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तो खाली बघत म्हणाला, “भाऊ, तुम्हाला रात्रीच फोन लावणार होतो. नंबर काढलाही होता. पण मागच्या महिन्यात माझ्या नावापुढे ३२० रुपये तुम्हीच लिहिलेत ना. घरी पैसे कमी गेले तेव्हा.”

घास गिळवेना मला. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

परत आल्यावर त्याच लाल रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. २१४ बुश स्क्रॅप, टेम्पोच्या फेऱ्या, दोघांची दोन दिवसांची हजेरी, कस्टमरची डेबिट नोट (नुकसानीपोटी आमच्या बिलातून कापलेले पैसे). पंचेचाळीस हजारांच्या वर गेलं, ते ३२० रुपयांच्या धाकापायी. मालकांपुढे ठेवलं. म्हणाले, “मग काय पेढे वाटू त्याला? माणसं डोक्यावर बसतात.” त्या महिन्यात मुलाच्या हातात निम्माही पगार पडला नाही. पुढच्या महिन्यात तो आलाच नाही. नुकसानीपोटी पैसे कापायचे तर आधी कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते, हा नियम १९३६ च्या पगाराच्या कायद्यापासून आहे. मला तेव्हा तो माहीत नव्हता. माहीत असायला हवा होता, पेन माझ्या हातात होतं.

हेच मालक दर खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण द्यायचे, १९१० साली उजाड माळावर कारखाना कसा उभारला त्याचं. त्याच लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत गुन्हेगारीचा शिक्का बसलेली माणसं रखवालीला ठेवली होती, ते मात्र भाषणात कधी आलं नाही.

२०१४ ला मी स्वतःच्या दोन मशिन टाकल्या, आज पाच आहेत. टूलच्या कपाटावर एक स्टीलचा डबा ठेवलाय. तुटलेला इन्सर्ट त्यात टाका, नवा घ्या, रात्री कोणाला विचारायची गरज नाही. पहिले दोन महिने इन्सर्टचा खर्च वाढला आणि मी घाबरलो. मग कळलं, तुटत पूर्वीही होते, फक्त आता दिसायला लागले. एकाच मशिनवर सारखे तुटत होते म्हणून तपासलं तर टरेटचं (टूल धरणाऱ्या फिरत्या भागाचं) अलाइनमेंट गेलेलं. रजिस्टर असतं तर त्या मशिनवरचे तीन ऑपरेटर दंड भरभरून सोडून गेले असते.

गेल्या वर्षी रात्री एकला फोन आला. “सर, बोअर मोठं झालंय. ऑफसेट टाकताना मीच चुकलो. अकरा जॉब गेले.” मी म्हटलं, मशिन थांबव, चहा घे, सकाळी बघू.

तिकडे २१४, इकडे ११. मालकांना मला एवढंच सांगायचं होतं तेव्हा.

आणि माणसांशी असं वागण्याला ‘दया’ हा शब्द तुम्ही पत्रात वापरलात, तो मला खटकला. निम्म्या गोष्टी हक्काच्याच असतात. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली ती कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं लढले म्हणून, कोणा मालकाला पाझर फुटला म्हणून नव्हे. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, तोही कायद्यात १९४८ पासून. तो देऊन ‘मी माणसं सांभाळतो’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

हेही खरं की माझाही एकाने फायदा घेतला. मित्र आलेला नसताना त्याचं हजेरीचं कार्ड हा पंच करायचा. तीनदा बाजूला घेऊन सांगितलं, चौथ्यांदा पूर्ण हिशेब देऊन काढला. ओरडलो नाही. शिवाय मी आता मालक आहे, मला हे सोपं जातं. तुम्ही मधले, दोन्हीकडून मार खाणारे. साहेबांशी चारचौघांत वाद घालू नका, तिथे ते हरायला तयार होणार नाहीत. एकटे असताना गाठा, आकडे कागदावर घेऊन जा. माझ्या मालकांवर उपयोग झाला नाही, तुमच्या साहेबांवर होईलही.

त्या मुलीची रजा मात्र त्यासाठी थांबवू नका. तुमच्या सहीने मंजूर होते असं तुम्हीच लिहिलंय, मग आजच करा आणि साहेबांना नंतर सांगा. ओरडतील. ते तुम्ही ऐकून घ्या, ती दवाखान्यात असताना तिला फोन जाऊ देऊ नका.