अध्यक्षांच्या आसनाविषयी, नव्या सदस्यासाठी

तुम्ही पहिल्यांदाच सभागृहात येताय, म्हणून सांगतो. अध्यक्ष उभे राहिले की वाक्य अर्धवट असलं तरी खाली बसा. सुरुवातीला मी तसाच बोलत राहिलो होतो. माईक बंद झाला आणि तेवढं भाषण नोंदलंच गेलं नाही.

बोलायचं ते ‘अध्यक्ष महोदय’ म्हणत, समोरच्या सदस्याला थेट नाही. त्यामुळे शब्दाला शब्द लागत नाही.

अध्यक्ष बहुधा एखाद्या पक्षातूनच येतात, पण त्या खुर्चीत ते सभागृहाचे असतात. १६४२ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला सैनिकांसह हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात आला. अध्यक्ष विल्यम लेन्थॉल यांनी राजापुढे गुडघे टेकले, पण सभागृहाच्या आज्ञेशिवाय मला डोळेही नाहीत आणि जीभही नाही, असं सांगून माहिती द्यायला नकार दिला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. तिथे मतं समसमान पडली, तर अध्यक्षांनी निर्णायक मत शक्यतो चर्चा पुढे चालू राहील असं द्यायचं, ही प्रथाही आहे.

हरकतीचा मुद्दा, म्हणजे कामकाज नियमाला धरून नाही अशी हरकत, घ्यायचा तर नियमाचा क्रमांक हाताशी ठेवा. निर्णय विरोधात गेला तर तिथे हुज्जत नको, नंतर दालनात जाऊन बोला.