लाल जास्वंद, एफ/२२ आणि फ्लॅशचे पांढरे डाग

जास्वंदीच्या जवळून काढलेल्या फोटोंबद्दल तुमच्या तक्रारी तीन आहेत: पाकळ्यांच्या जागी नुसता लाल थर दिसतो, एफ/२२ (लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, अगदी बारीक) ठेवूनही फोटो शार्प येत नाही, आणि फ्लॅश मारला की पांढरे डाग पडतात. कॅमेरा आणि मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स दोन्ही ठीक वाटतात, त्यामुळे नवीन काही घेऊ नका.

आधी लाल रंग. साध्या, एकरंगी हिस्टोग्राममध्ये (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा आणि लालचा बराच कमी असतो. त्यामुळे लाल पार भरून गेला तरी आलेख मधोमध निवांत दिसतो. मेनूमधून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल उजव्या कडेला चिकटलेला दिसला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद यावा ते ठरवणारं सेटिंग) −२/३ किंवा −१ करा. पिक्चर प्रोफाइल ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘न्यूट्रल’ करा, कारण हा आलेख प्रोफाइल लावलेल्या प्रतिमेवरून बनतो. आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या. पांढऱ्या फुलाने फ्रेम भरली असेल तर उलट: कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्याला राखाडी करायला बघतो, तिथे +१ लागतं. पण तेच पांढरं फूल गडद पानांपुढे लहान दिसत असेल तर पुन्हा मायनस.

आता एफ/२२. लेन्स जवळ नेऊन १:१ ला (जिथे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढंच उमटतं) आलात की प्रकाश दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) घटतो, म्हणजे तुमचा एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ सारखा वागतो. (काही लेन्स हा बदललेला आकडा दाखवतात, काही दाखवत नाहीत.) इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. शिवाय प्रकाश कमी पडल्यामुळे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ला जातो ते वेगळंच. एफ/८ ते एफ/११ वर या.

‘मग फोकसमध्ये काय राहणार?’ फारच थोडं. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) १:१ ला एफ/८ ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर, एफ/१६ ला दोन. जास्वंदीचा मधला दांडा पाकळ्यांच्या बराच पुढे येतो. समोरून काढलात तर टोक आणि पाकळी दोन्ही शार्प मिळणं एका फोटोत शक्यच नाही. म्हणून कडेने या, दांडा सेन्सरला समांतर ठेवा. मग एफ/८ लाही पिवळ्या परागकोशांची रांग टोकापर्यंत सुटीसुटी दिसते. फोकस रिंग फिरवत बसण्यापेक्षा लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट दृश्य) मोठा करून कॅमेराच किंचित पुढेमागे करा. सगळंच शार्प हवं असेल तर फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या ठिकाणी फोकस केलेले अनेक फोटो जोडणं), पण त्याला अजिबात न हलणारं फूल लागतं.

प्रकाशावर मात्र सगळ्यात जास्त मेहनत घ्या. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश फुलाच्या मानाने लहान आणि लांब असतो, म्हणून ते डाग. मध्ये ट्रेसिंग पेपरचा पडदा धरा आणि तो फुलाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. फ्लॅश वायरने किंवा ट्रिगरने (बिनतारी जोडणीने) कॅमेऱ्यापासून सोडवता आला तर फारच छान. उन्हातही असाच पांढरा पडदा फुलावर धरता येतो, पण एक चूक हमखास होते: फूल सावलीत जातं, पाठीमागची पानं उन्हात राहतात आणि पार्श्वभूमी भगभगते. दोन पावलं सरकून मागे सावली येईल असा कोन शोधा. पाकळीच्या शिरा दाखवायच्या असतील तर माझ्या मते मागून येणाऱ्या उन्हाला तोड नाही. समोरून एक पांढरा पुठ्ठा धरला की पुरे.

फ्लॅश वापरताना मॅन्युअल मोड ठेवा, ऑटो आयएसओ बंद करा. फ्लॅश न लावता पार्श्वभूमी साधारण एक स्टॉप गडद येईल असं सेटिंग आधी करा, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास. मग फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन −१ वर लावून बघा. पार्श्वभूमी पार काळी झाली तर शटर हळू करा: त्याने फक्त नैसर्गिक प्रकाश वाढतो, फ्लॅशचा तेवढाच राहतो. अॅपर्चर आणि आयएसओ नैसर्गिक प्रकाश आणि फ्लॅश या दोन्हींवर परिणाम करतात, त्यांना तेव्हा हात लावू नका.

वाऱ्यासाठी: जमिनीत काडी रोवून देठ हलक्या क्लिपने तिला धरा. एवढ्या जवळून लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) फारसं कामाला येत नाही, आणि हलणाऱ्या फुलाला तर ते थांबवूच शकत नाही. फ्लॅश नसेल तर १/२५० च्या खाली जाऊ नका, लागला तर आयएसओ ८०० खुशाल घ्या.