चांगल्या दिवशी थांबायचं कुठे?

«मावशी, माझं वय ४६, पुण्यात राहते. नऊ वर्षांपासून आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइडची छोटी गोळी चालू असते. तरीही रोज पहाटे पर्वती चढायचे, आमचा आठ-दहा जणींचा ग्रुप आहे. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या ओल्या जिन्यात शेवटच्या पायरीवरून घसरले आणि उजवा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर, मग महिनाभर फिजिओ. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. मागच्या आठवड्यात एके दिवशी बरं वाटत होतं म्हणून पर्वतीवर गेले, आणि वर पोचल्याच्या आनंदात खाली येऊन पुन्हा एकदा चढले. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस अंथरुणात. घोटा सोडाच, मनगटं आणि बोटंही सुजली. नवरा म्हणतो, 'झालं तेवढं पुरे, आता घरात बस.' मैत्रीण म्हणते, 'मनावर घेतलंस की सगळं होतं.' योगवर्गाच्या बाई रथसप्तमीच्या १०८ सूर्यनमस्कारांत नाव घालू का विचारताहेत. कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्या दुखण्याला थांबायचं, मला कळेनासं झालंय. आणि रात्री वाटतं, मी आजाराचं निमित्त तर करत नाही ना?
— पर्वतीवाली»

पर्वतीवाली,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुझी झोप तोच घालवतोय. निमित्त शोधणारी बाई पर्वती दोनदा चढत नाही. तुझं उलटं आहे. चार दिवस घरात गेले की तुला स्वतःची लाज वाटायला लागते, आणि जरा बरं वाटलं की त्या चार दिवसांची भरपाई तू एका सकाळी करायला जातेस. मग पुन्हा अंथरूण आणि पुन्हा लाज. तुझं पत्र वाचून मला तुझ्या वाईट दिवसांपेक्षा त्या एका चांगल्या दिवसाची जास्त काळजी वाटली.

मी डॉक्टर नाही, हे तुला माहीत आहेच. खाली लिहिलंय त्यातलं प्रत्येक तुझ्या डॉक्टरांपुढे आणि फिजिओपुढे ठेव, ते नको म्हणाले तर नको.

तुझा घोटा आणि तुझा आमवात यांचं वेळापत्रक एक नाही, सगळा घोळ तिथे आहे. हाड तारखेप्रमाणे जुळतं. सहा आठवडे, तीन महिने असं काहीतरी सांगता येतं आणि बहुतेक वेळा तसंच घडतं. 'पहिल्या आठवड्यात हे, दुसऱ्यात ते' असा फिजिओचा कागद त्याच हिशेबाने काढलेला असतो आणि हाडापुरता तो बरोबर असतो. आमवात तारीख पाळत नाही. जागरण, सर्दी-ताप, घरातलं कार्य, चुकलेली गोळी, कशानेही उसळतो, आणि कधीकधी काहीच झालेलं नसताना उसळतो. अशा अंगाला 'दर आठवड्याला थोडं जास्त' हा नियम लावला की तिसऱ्या आठवड्यात तो मोडतो, आणि आपल्याला वाटतं आपणच मोडलो.

म्हणून तुला एक चढता कागद नको, तीन ओळींचा हवा. सकाळी उठल्यावर अंग कसं आहे ते बघायचं आणि त्या दिवसाची ओळ निवडायची. सांधे धरलेत, सूज आहे, अशा दिवशी फक्त गादीवरच्या हालचाली: घोटा वर-खाली, गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू आवळायचा आणि सोडायचा, कोमट पाण्यात बोटं उघडमीट करायची. दहा मिनिटांत आटपतं. आटपलं की त्या दिवसाचा व्यायाम झाला, अर्धवट नाही, पूर्ण झाला. मधल्या दिवशी सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालणं आणि ओट्याचे व्यायाम, ते पुढे सांगते. चांगल्या दिवशी वीस मिनिटं चालणं आणि एखादा जिना. चांगल्या दिवसाची ही मर्यादा आधी, बसून, शांत डोक्याने ठरवायची आणि त्या दिवशी कितीही उत्साह आला तरी ओलांडायची नाही. 'अजून जमलं असतं' असं वाटत घरी आलीस, तर ती सकाळ साधली. दोन आठवडे असे नीट गेले की मर्यादा थोडीशी, दहाव्या हिश्श्याएवढी वाढवायची.

मेथोट्रेक्सेट घेतल्यानंतरचा दिवस कसा जातो ते बघ. बऱ्याच जणींना त्या दिवशी मळमळ आणि गळाल्यासारखं वाटतं. तुझं तसं असेल तर तो दिवस आधीच पहिल्या ओळीत लिहून टाक. दर आठवड्याला त्या एका दिवशी स्वतःशी भांडण नको.

आता दुखण्याचं. तुझ्या अंगात सध्या तीन तऱ्हेची दुखणी असू शकतात आणि ती ओळखू येतात. स्नायूचं दुखणं दुसऱ्या दिवशी येतं, पोटरी किंवा मांडी दाबली की कळतं, हालचाल सुरू केली की थोडं सैल होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. ते सोसायचं, त्याचं कौतुकही करायला हरकत नाही. प्लास्टरमध्ये पोटरीचा स्नायू किती उतरतो ते दोन्ही पाय शेजारी ठेवून बघ, म्हणजे कळेल. आमवाताचं दुखणं सांध्यात असतं, सांधा सुजतो, गरम लागतो, सकाळचा आखडलेपणा नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकतो, आणि ज्या सांध्यांनी काहीच केलेलं नाही तेही त्यात सामील होतात. तुझ्या मनगटांनी काही पर्वती चढली नव्हती, तरी ती सुजली. ही खूण लक्षात ठेव. अशा वेळी पहिल्या ओळीवर यायचं, पण अंथरुणात नुसतं पडून राहायचं नाही. चार दिवस निपचित पडलेला सांधा पाचव्या दिवशी आणखी कुरकुरतो.

तिसरं हाडाचं. मोडलेल्या जागी बोट ठेवून दाखवता येईल असं एका बिंदूत दुखतं, पाय टेकला की दुखतं, पावलागणिक वाढतं, रात्री पडल्यावरही ठणकतं. त्याला सोसणं नाही आणि तीन ओळीही नाहीत. चालणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि एक्स-रे काढायचा.

रोजच्यासाठी फिजिओ मंडळींचा एक साधा हिशेब आहे: व्यायाम संपल्यानंतर दोन तासांनी सांधा व्यायामाआधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी कमी करायचं. बंद नाही, कमी. आणि 'आज खरंच होत नाहीये की मी टाळतेय' हा रात्रीचा प्रश्न सकाळी असा सोडवायचा: पाच मिनिटं सुरू करायचं. अंग मोकळं होत चाललं तर पुढे जायचं, जड होत चाललं तर परत फिरायचं. निकाल अंगाला देऊ दे. आणि पाच मिनिटांत परत फिरलीस तरी ती पाच मिनिटं वाया जात नाहीत. आठवड्याला १५० मिनिटांचा जो आकडा सगळीकडे ऐकतेस, तो जागतिक आरोग्य संघटनेचा. पूर्वी त्यात सलग दहा मिनिटांहून कमी चाललेलं धरत नसत. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली आणि थोडंसं केलेलंही काहीच न केल्यापेक्षा बरं, असं लिहिलं. जुनाट आजार असलेल्यांचा विचारही त्याच सूचनांत आहे.

ओट्याचे व्यायाम म्हणजे हे. चहाचं आधण ठेवलं की ओट्याला दोन्ही हात टेकून टाचा सावकाश उचलायच्या, त्याहून सावकाश खाली ठेवायच्या. मग एका पायावर उभं राहायचं, बोटं ओट्यावरच. घोटा मोडला की नुसतं हाड मोडत नाही, पाऊल कसं पडतंय हे न बघता कळण्याची त्या सांध्याची जाणही बोथट होते. उंचसखल रस्त्यावर तुला पाय 'परका' वाटत असेल तर तो त्यामुळे, आणि एका पायावर उभं राहून ती जाण परत येते. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढायची. 'ज्ञ' पर्यंत पोचलीस तर घोटा सगळ्या दिशांना फिरलेला असतो. पर्वतीच्या बाबतीत चढण्यापेक्षा उतरण्याची धास्ती धर. उतरताना घोटा जास्त वाकावा लागतो आणि सगळं वजन पुढच्या पायावर हळू सोडावं लागतं. सोसायटीचा एक जिना कठडा न धरता, पाऊल वाकडं न टाकता उतरता येईपर्यंत पर्वतीच्या पायऱ्यांना हात लावू नकोस. पाय तर नाहीच.

आणि पहाटेचा हट्ट सोड. हे तुला सगळ्यात जड जाणार, ठाऊक आहे मला. पुण्यात पहाटे टेकडीवर न जाणारा माणूस स्वतःला जरा कमीच समजतो. पण आमवाताचे सांधे सर्वात जास्त आखडलेले असतात ते सकाळीच, आणि मोडून जुळलेला घोटा अंधारात, दवाने ओल्या झालेल्या दगडावर टाकण्यात कसली शिस्त? संध्याकाळी पाच-साडेपाचला चाल. ग्रुप तुटेल असं वाटत असेल, तर रविवारी बाकीच्या उतरायच्या वेळेला खाली चहाला जाऊन बस. मला शंका आहे की तुला पर्वतीपेक्षा तो चहाच जास्त आठवतोय. तसं असेल तर ते आजच मिळण्यासारखं आहे, त्याला पायऱ्या लागत नाहीत.

रथसप्तमीचं नाव घालू नकोस. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. १०८ सूर्यनमस्कार म्हणजे शेकडो वेळा अंगाचा भार वाकवलेल्या मनगटांवर, आणि तुझी मनगटं आत्ताच सुजून उतरलीत. वर्गात जायचंच असेल तर बाईंना आजाराचं नाव स्पष्ट सांग आणि खुर्चीवर बसून किंवा भिंतीला हात टेकून काय करता येईल ते विचार. शीर्षासन, सर्वांगासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. बरीच वर्षं आमवात असलेल्यांत मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. मान दुखून हातांत मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर, मग वर्ग.

मैत्रिणीला सांग की आमवाताला मनाचं ऐकू येत नाही. तिचा हेतू चांगला आहे, पण तिच्या वाक्याचा दुसरा अर्थ 'होत नाही म्हणजे तू मनावर घेतलं नाहीस' असा निघतो, आणि तो तुझ्या रात्रीच्या प्रश्नाला खतपाणी घालतो.

नवऱ्यावर रागावू नकोस. त्याने तुला त्या जिन्यात पडलेली बघितलं असेल, नंतर सहा आठवडे कुबड्यांवरही बघितलं. 'घरात बस' म्हणजे 'पुन्हा पडू नकोस'. पण घरात बसून पडणं टळत नाही. बसून स्नायू उतरतात, तोल जातो, हाडं ठिसूळ होतात. त्याला आकडे आवडत असतील तर हा सांग: नेदरलँड्समध्ये आमवाताच्या ३०९ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांनी दोन वर्षं देखरेखीखाली चांगला जोरकस व्यायाम केला. त्यांची रोजची कामं करण्याची क्षमता सुधारली आणि आजार बळावला नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच फार झिजलेले होते त्यांना मात्र जपायला हवं, असं संशोधकांनी म्हटलं. आणि रोज त्याला 'जाऊ का?' विचारत जाऊ नकोस. परवानगी मागितलीस की तो नाही म्हणणार, घाबरलेला माणूस दुसरं काय म्हणेल? 'वीस मिनिटांत येते, फोन बरोबर आहे,' एवढं सांग आणि विसाव्या मिनिटाला दारात हो. महिनाभर तू वेळेवर परतलीस की तो स्वतःच सैल पडेल.

एक गोष्ट पत्रात तू सहज लिहून गेलीस आणि मला ती खटकली. शेवटच्या पायरीवरून घसरणं ही काही फार मोठी पडझड नव्हे, तरी हाड मोडलं. आमवाताने हाडं विरळ होतात, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आणखी होतात. अस्थिरोगतज्ज्ञ घोटा बघतात, संधिवाततज्ज्ञ सांधे बघतात, आणि हाडांच्या घनतेचं विचारायचं दोघांकडूनही राहून जाऊ शकतं. पुढच्या भेटीत तू विचार: डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करायची का, ड जीवनसत्त्व तपासायचं का. स्टेरॉइडची भीती वाटली तरी गोळी मनाने बंद करू नकोस, ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

दोन गोष्टींना मात्र वाट बघायची नाही. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म झाला आणि ताप आला, तर 'आमवातच उसळला असेल' म्हणून घरी थांबू नकोस. तुझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठ. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागून छातीत दुखलं, तरीही तसंच.

आणि जुने बूट घालू नकोस. घोटा मोडल्यावर पाऊल पूर्वीच्या मापाचं राहतंच असं नाही. नवे घे, पुढे बोटांना जागा असलेले, टाचेला घट्ट, नाडीऐवजी पट्टीचे, म्हणजे बोटं सुजलेल्या दिवशीही तुझे तुला घालता येतील. लक्ष्मी रोडला संध्याकाळी जा, पाय दिवसभराने सुजलेला असताना, आणि घरात वापरतेस तेच मोजे घालून दुकानातच चालून बघ.

— मावशी