पार्ट जातो कुठे? रूप बदलणाऱ्या रोबोंवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की इंदूरजवळच्या पीथमपूरला प्लास्टिकच्या मोल्डचं (साच्यांचं) काम करता करता मला रूप बदलणाऱ्या रोबोंचं वेड लागलं, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सहा घेतलेत, बाकीचे पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, मुलगा साडेसात वर्षांचा आहे. राजवाड्याजवळून कारचा रोबो होतो ते खेळणं घेतलं, दुसऱ्याच दिवशी हात निघाला, परत बसवला तर खांदा लुळा पडतोय. आजोबा म्हणतात असली नाजूक खेळणी आणूच नका. काय करू? (एक आई, रामबाग)

उत्तर : आधी हात तुटलाय की निखळलाय ते बघा. टोकाला गोल बोंड दिसत असेल तर तो बॉल जॉइंट आहे, आणि तो पुष्कळदा मुद्दामच असा करतात की जास्त जोर पडला तर तुटण्याऐवजी सुटून बाहेर यावा, सरळ दाबला की टक्कन बसतो. बसूनही लुळा पडतो म्हणजे बोंड घासलंय. त्यावर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या, मग बसवून बघा, अजून सैल वाटला तर दुसरा थर. झटपट चिकटणारा गोंद जॉइंटमध्ये सोडू नका, हात कायमचा जाम होईल. पण तिथे बॉल नसून पिन असेल आणि पिनचं भोकच लांबुळकं झालं असेल तर मात्र घरगुती इलाज नाही.

आता तुटतं कधी ते सांगते. कारचा रोबो करताना फारसं काही होत नाही, रोबोची परत कार करताना होतं, कारण तेव्हा सगळे अवयव एका टरफलात मावायचे असतात आणि मधली जागा जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, एक कोपर आत वळवायचं राहिलं की छत बंद होत नाही आणि मूल ते वरून दाबतं. तेव्हा एकदा त्याच्या शेजारी बसून फक्त उलटा प्रवास करा, रोबो ते कार, सावकाश, आधी कोपर मग दार मग छत. आणि आजोबांना माझा नमस्कार सांगून म्हणावं, मोल्ड उघडताना आधी बाजूचा स्लाइडर म्हणजे साच्याचा सरकता भाग सरकवायचा आणि मगच पार्ट बाहेर ढकलायचा, क्रम चुकला की पार्ट फाटतो, हे माझ्या हाताला वळण लागायला दोन वर्षं गेली. तुमचा नातू तेच साडेसाताव्या वर्षी शिकतोय, त्याला अडवू नका.

पुढच्या वेळी घेताना दुकानातच दोन गोष्टी बघा. रोबो आधाराशिवाय उभा राहतो का, आणि सांधा फिरवताना कट्कट् आवाज किंवा निदान अडकल्यासारखा ताण लागतो का. आणि आयएसआयचा शिक्का, जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो बंधनकारक आहे.

प्रश्न : मॅम, मी एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. रूममेटशी रोज वाद होतो. तो म्हणतो अ‍ॅनिमेतले सगळे ट्रान्सफॉर्मिंग रोबो म्हणजे नुसतं ड्रॉइंग, उगाच डोकं लावू नको. मला वाटतं काहींमागे खरं इंजिनिअरिंग आहे. कोण बरोबर? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : तू. पण सगळ्या रोबोंच्या बाबतीत नाही, आणि फरक ओळखायला माझ्याकडे एकच कसोटी आहे, कुठलाही एक पार्ट पकड आणि विचार, हा जातो कुठे?

१९७४ च्या जपानी कार्टून मालिकेतला गेटर रोबो घे. तीन विमानं, ज्या क्रमानं एकमेकांत घुसतात त्याप्रमाणे तीन वेगळे रोबो बनतात. कल्पना म्हणून अफाट आहे, आजही अंगावर काटा येतो, पण त्यात धातू चक्क कणकेसारखा ताणला जातो, हात कुठूनही उगवतात, म्हणजे पार्ट कुठून आला याला उत्तरच नाही, त्यामुळे पडद्यावर जे दिसलं ते खेळण्यात जसंच्या तसं कधी उतरू शकलं नाही. पुढच्या वर्षी रायदीन आला, तो पक्ष्याचं रूप घ्यायचा आणि ते रूप खेळण्यात खरंच घेता यायचं. मग १९७६ चा कॉम्बॅटलर व्ही, पाच वेगळी वाहनं जोडून एक रोबो, आणि इथे खेळणं बनवणारी पॉपी कंपनी सुरुवातीपासून डिझाइनमध्ये होती. माझ्या मते गोष्ट इथे पलटली. आधी चित्र काढायचे आणि मग खेळणंवाल्यांनी डोकं फोडायचं, आता हातात जे होऊ शकतं तेच पडद्यावर दाखवायचं असं सुरू झालं.

आणि मग १९८२, मॅक्रॉस ही मालिका. त्यातलं डिझायनर शोजी कावामोरीचं व्हीएफ-१ व्हाल्किरी, विमानाचा रोबो होतो ते. तुझ्या रूममेटला समोर बसवून हे एक-एक पार्ट करून दाखव. विमान दिसायला एफ-१४ टॉमकॅटसारखं, पोटाखाली दोन लांबडी इंजिनं. ती इंजिनं म्हणजेच पाय. मागचे नॉझल म्हणजे पावलं. हात दोन्ही पायांच्या मधल्या जागेत दुमडलेले, डोकं पोटाखाली, त्यावरची लेझर विमानातही खालून बाहेर डोकावते, पंख मागे वळून पाठीला चिकटतात, कॉकपिटवर ढाल सरकते. उरलं काय? काहीच नाही. प्रत्येक पार्टला दोन नोकऱ्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी तो कामाचा आहे. कावामोरी अशा डिझाइनसाठी लेगोचे ठोकळे जोडून मॉडेल बनवतो, म्हणजे कागदावर खोटं बोलता येतं पण ठोकळ्यात येत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे.

त्यातही मला सगळ्यात जास्त आवडतं ते मधलं रूप, गर्वॉक, अर्धं विमान आणि खाली पाय. रूप बदलताना मध्येच थांबलं तर काय, हा प्रश्न बाकीच्यांनी लपवला, यानं त्याचंच तिसरं रूप केलं.

पण तिथेही एक गाठ होती. विमानात पाय पंखांच्या मुळाशी असतात आणि रोबोत ते पुढे येऊन नाकाच्या भागाला लागतात, म्हणजे सांधा स्वतःच जागा बदलतो. हे खेळण्यात कसं करायचं? ताकातोकू कंपनीच्या त्या काळच्या १/५५ मापाच्या खेळण्यात पाय झुलत्या दांडीवर बसवले, मजबूत काम, पण विमान जाडजूड झालं. पुढे २००० च्या दशकात यामातो कंपनीनं १/६० मध्ये सडपातळ विमान दिलं पण पाय काढून परत लावावे लागायचे, त्यानंतर त्यांच्याच १/४८ मध्ये पाय न काढता सगळं जमलं. जपानीत याला कान्झेन हेनकेई म्हणतात, म्हणजे काहीही न काढता-लावता पूर्ण रूपांतर. वीस वर्षं लागली रे एका कमरेच्या सांध्याला, आणि रूममेट म्हणतो नुसतं ड्रॉइंग.

खरं विमान बनेल का, तर नाही. इंजिनच पाय म्हटल्यावर गुडघ्यातून हवा वळणार कशी, वायर आणि हायड्रॉलिकच्या नळ्या फिरत्या सांध्यातून नेणार कशा, आणि इंधनाची टाकी तर कुठेच दिसत नाही. टाकीचा प्रश्न मात्र त्यांनी कथेतच सोडवलाय, इंजिन अणुऊर्जेवर चालतं असं ठरवून टाकलंय, म्हणजे हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि मला त्याचंच कौतुक आहे.

प्रश्न : मावशी, ट्रान्सफॉर्मर्स कार्टूनमधला मेगाट्रॉन ऑप्टिमसएवढा उंच असतो मग बंदूक झाल्यावर स्टारस्क्रीमच्या हातात कसा मावतो? बाकीचा मेगाट्रॉन कुठे जातो? पप्पांना विचारलं तर म्हणतात कार्टून आहे. (वय ११, सुदामा नगर)

उत्तर : बाळा, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि कार्टून आहे हे काही त्याचं उत्तर नाही. खरं उत्तर दोन डब्यांत आहे. जपानच्या ताकारा कंपनीची १९८० पासून डायाक्लोन नावाची खेळणी होती, त्यात गाड्या आणि ट्रक लहान मापात केलेले, आत बसायला इवलासा ड्रायव्हर, त्याच्या पायाला चुंबक. ऑप्टिमस त्या डब्यातला. त्यांचीच दुसरी मालिका मायक्रो चेंज, त्यात घरातल्या वस्तू खऱ्या मापाच्या, कॅसेट प्लेअर, कॅमेरा, पिस्तूल. मेगाट्रॉन या डब्यातला, तो वॉल्थर पी-३८ पिस्तूल होता, साउंडवेव्हही याच डब्यातला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅसब्रोनं दोन्ही डबे घेतले, एकत्र केले आणि ट्रान्सफॉर्मर्स नाव दिलं. एक ट्रक लहान केलेला आणि एक पिस्तूल खऱ्याएवढं, दोघांना एकाच उंचीचे शत्रू केलं तर कुठेतरी माप चुकणारच ना. म्हणून कार्टूनमध्ये तो आकसतो. मोठे फॅन याला मास शिफ्टिंग म्हणतात, पण ते नाव आहे, उत्तर नाही.

आणि आता तू एक शोध. ऑप्टिमस रोबो होतो तेव्हा त्याचा ट्रेलर कुठे जातो? कार्टून परत बघ आणि नीट लक्ष ठेव. खेळण्यात तो बाजूला तसाच उभा राहतो. जुन्या ऑप्टिमसच्या मुठी पण वेगळ्या असतात, हातानं लावाव्या लागतात, आणि घरोघरी पहिल्यांदा हरवतात त्या मुठीच.

प्रश्न : भावाचा जुना रोबो माळ्यावर सापडला. वीस-पंचवीस वर्षांत कोणी हातही लावला नव्हता, मी पाय सरळ केला तर बिस्किटासारखा तुटला. सोनेरी रंगाचा भाग होता. माझं काय चुकलं? (एक वाचक, राजेंद्र नगर)

उत्तर : काहीच चुकलं नाही. ज्या प्लास्टिकमध्ये सोनेरी चमक मिसळलेली असते, त्यातलं बरंच वर्षानुवर्षं आपोआप ठिसूळ होत जातं, संग्राहक लोक याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. न वापरताही होतं, आणि परत मजबूत करता येत नाही. बाकीचे सोनेरी सांधे आता हलवूच नका, आहे त्या रूपात काचेच्या कपाटात ठेवा. भावाला आधी सांगून ठेवा मात्र.

प्रश्न : नमस्कार ताई. मी हवाई दलात मिग-२७ वर ग्राउंड क्रूमध्ये होतो. पंख मागेपुढे करणारं विमान म्हणजे काय ते या हातांनी भोगलंय, वजन जास्त, देखभाल जास्त. नातवाची खेळणी बघून विचारतो, रूप बदलण्याचा खऱ्या जगात काही फायदा आहे का? (निवृत्त, इंदूर)

उत्तर : काका, नमस्कार. तुमच्यासमोर मी काय बोलणार, पंखांचे सोळा, पंचेचाळीस आणि बहात्तर अंश तुम्ही रोज पाहिलेत, मी फक्त वाचलेत. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एफ-१४ चे पंखही वीस ते अडुसष्ट अंश फिरायचे, २००६ मध्ये अमेरिकी नौदलानं ते निवृत्त केलं, आपलं मिग-२७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरहून शेवटचं उडालं. प्रत्येक सांधा म्हणजे वजन, वंगण आणि तपासणी, आणि एक सांधा अडकला तर दोन्ही रूपं गेली.

जपानमध्ये २०१८ साली जे-डाइट राइड नावाची खरी गाडी बनवली, दोन माणसं आत बसतात, साधारण एका मिनिटात ती पावणेचार मीटरच्या आसपास उंचीचा रोबो होते. मी व्हिडिओ कितीदा बघितलाय मोजलं नाही, डोळ्यात पाणी येतं. पण उभी राहिल्यावर ती अगदी हळू पावलं टाकते, कामाला जायचं तर गाडीच बरी.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे हे खरोखर उपयोगी पडलं. चंद्र. जपानच्या स्लिम यानातून २० जानेवारी २०२४ ला सोरा-क्यू नावाचा छोटा रोबो चंद्रावर उतरला, जवळपास आठ सेंटिमीटरचा चेंडू, पाव किलोच्या आसपास वजन. जमिनीवर पडला की चेंडू मधून उघडतो, दोन अर्ध्या वाट्या होतात त्याची चाकं, आतून कॅमेरा वर येतो, आणि चाकांचा आस मध्यावर नसल्यामुळे तो मऊ धुळीत पोहल्यासारखा हातपाय मारत सरकतो. स्लिम नाकावर उलटं उभं राहिलंय हा जगानं पाहिलेला फोटो त्यानंच काढला. आणि काका, जपानच्या अंतराळ संस्थेबरोबर तो बनवणाऱ्यांत सोनी आणि दोशिशा विद्यापीठ होतं, आणि ताकारा टोमी, म्हणजे डायाक्लोनवाली तीच खेळण्यांची कंपनी.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की प्रवासात जागा अगदी कमी असेल आणि पोचल्यावर आकार मोठा लागत असेल, आणि रूप एकदाच बदलायचं असेल, तिथे सांध्याचं वजन परवडतं. तुमच्या विमानाला ते एका उड्डाणात पुन्हा पुन्हा करावं लागायचं.

प्रश्न : ताई, मला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर डिझाइन करायचाय, नववीत आहे. ड्रॉइंग चांगलं आहे पण सुरुवात कुठून करू? (एक मुलगी, लोकमान्य नगर)

उत्तर : ड्रॉइंगची वही आठ दिवस बंद ठेव. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, कात्री, आणि फायलीला लावतात त्या दोन पायांच्या पितळी पिना, एवढं घे. कारनं सुरुवात करू नकोस, कार बारीक असते, जागाच नाही. ऑटोरिक्षा घे. आत माणसं बसायची भरपूर पोकळी आहे, तिथे हात आणि डोकं लपतं, हूड आधीच दुमडणारं आहे, तेच पाठीवर घडी होऊन बसेल. मागची दोन चाकं टाचांत जातील, बाजूचे पत्रे पिंढऱ्या होतील.

अडचण पुढच्या एकट्या चाकाची. छातीत ठेवलंस तर रोबो पुढून विचित्र दिसतो, पाठीवर लटकवलंस तर तोल मागे जातो, हातात ढाल म्हणून दिलंस तर ते मला तरी पळवाट वाटते. मी तीन वेळा प्रयत्न केलाय आणि तिन्ही वेळा पाठीवरच आलं. तुझं कुठे जातं ते दोन्ही रूपांचे फोटो काढून मला पाठव.